बांबोळी की बाहेर? डिचोलीकडच्या एका घराचा हिशेब

हे प्रकरण डिचोली तालुक्यातल्या एका घराचं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, नावं तेवढी गाळली आहेत. मुलीला घरात सगळे थोरली म्हणतात, मीही तेच म्हणेन. तिची आई माझी शाळेपासूनची मैत्रीण, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडील सामानाचा टेम्पो चालवतात. धाकटा तेव्हा दहावीत होता. मी साखळीला दातांचा दवाखाना चालवते, म्हणून या घरात दातांच्या कॉलेजचा विषय निघाल्यावर पहिला फोन मला आला.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, थोरलीच्या हातात एक जागा होती आणि एक जागा थोडक्यात हुकली होती. हातात होती ती बाहेरच्या राज्यातल्या एका नावाजलेल्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठाची. नाव सांगितलं की लोक भुवया उंचावतात, असं ते कॉलेज. हुकली होती ती बांबोळीच्या सरकारी कॉलेजची. हे गोवा दंत महाविद्यालय 1980 साली सुरू झालं आणि आजही गोव्यातलं दंतवैद्यकाचं हे एकमेव कॉलेज आहे. राज्याच्या पहिल्या यादीत तिचं नाव लागलं नाही, पण ती अगदी उंबरठ्यावर होती. तिच्या वरच्या काही मुलांनी बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, जागा धरून ठेवली होती आणि दुसऱ्या फेरीत एमबीबीएस मिळाली तर ती सोडणार होती. असं दर वर्षी होतं. यादी सरकते. किती सरकेल ते मात्र कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या सल्ल्याचं वजन वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं. मी स्वतः बाहेरच्या खाजगी कॉलेजात शिकले. माझ्या वडिलांनी त्यासाठी काजूची बागायत विकली आणि उरलेल्या पैशांसाठी बँकेचं कर्ज काढलं. इंटर्नशिप संपली त्या महिन्यापासून मी सकाळी एका दवाखान्यात आणि संध्याकाळी दुसऱ्या दवाखान्यात काम करू लागले. एमडीएसची, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाची, पुस्तकं घेतली होती, ती उघडायला वेळ मिळाला नाही. पुढे वय गेलं, लग्न झालं, राहूनच गेलं. कॉलेज वाईट नव्हतं, मला तिथे चांगले शिक्षक मिळाले. पण त्या कर्जाने माझी पुढची सात वर्षं ठरवली. त्यामुळे कर्ज म्हटलं की मी तटस्थ राहू शकत नाही.

नीट परीक्षेचा निकाल लागल्यावर सप्टेंबरात आम्ही दोन्ही कॉलेजं पाहून आलो. मी, थोरली आणि तिची आई. बाहेरच्या कॉलेजला रात्रीच्या बसने गेलो. ते कॉलेज खरोखरच देखणं होतं, आणि फक्त इमारत देखणी म्हणून नव्हे. पेशंटला हात लावण्याआधीच्या सरावाच्या लॅबमध्ये फँटम हेडच्या, म्हणजे कृत्रिम डोक्यांच्या, रांगा, प्रत्येकासमोर स्क्रीन, वर सरांच्या हातांचं प्रात्यक्षिक चालू. तोंडाचा साचा घेण्याऐवजी कॅमेऱ्याने स्कॅन करायचं यंत्र मुलांना हाताळायला मिळत होतं. लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी. केरळची, दिल्लीची, ईशान्येकडची मुलं एका टेबलावर जेवत होती. थोरली त्या टेबलाकडे पाहत होती. ती काय पाहते आहे ते मला तेव्हा कळलं नाही, ते नंतर.

कँटीनमध्ये मी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला गाठलं. आई-वडील कॉलेज पाहायला जातात तेव्हा हॉस्टेल, मेस, सुरक्षा सगळं विचारतात, पण हा प्रश्न विचारत नाहीत: तुझा कोटा कसा पूर्ण होतो? बीडीएसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येक मुलाला ठरावीक कामं करून दाखवावी लागतात. इतके दात काढले, इतकी सिमेंटं भरली, इतक्या कवळ्या बसवल्या. हा कोटा भरायला पेशंट लागतो. ती मुलगी सरळ बोलली. पेशंट येतात, कॉलेजची बस आसपासच्या गावांतून शिबिरातून आणते, पण काही आठवडे खुर्चीसमोर बसून वाट पाहावी लागते. अवघड केस आली की ती एमडीएसच्या मुलांकडे जाते. तिची तक्रार नव्हती, आहे ते तिने सांगितलं.

बांबोळीला आम्ही सोमवारी सकाळी गेलो. केसपेपरची रांग बाहेरपर्यंत होती. बारा तालुक्यांचे लोक तिथे येतात. थोरलीला मी एका खुर्चीच्या जवळ उभी केली. एक विद्यार्थिनी सांगेकडच्या एका आजोबांच्या वरच्या जबड्याचा साचा घेत होती. अल्जिनेट, म्हणजे साच्याचं मिश्रण, कालवून ट्रेमध्ये भरलं, ट्रे तोंडात गेला, आणि आजोबांना उमासे येऊ लागले. आता ट्रे काढला तर साचा वाया, आणि नाही काढला तर ओकारी. त्या मुलीने ट्रे तसाच धरून ठेवला, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘आजोबा, नाकान स्वास घेयात. आनी उजवो पांय वयर काडात. तसोच धरात.’ आजोबा पाय वर धरण्याच्या नादात उमासा विसरले. दोन-अडीच मिनिटांत साचा घट्ट झाला. खणखणीत निघाला.

पाय वर करायला सांगणं ही जुनी युक्ती आहे, कुणीतरी त्या मुलीला शिकवली असणार. पण ती नेमक्या क्षणी सुचणं आणि त्याच वेळी हात न थरथरणं हे जिवंत माणसावरच शिकता येतं. फँटम हेडला उमासे येत नाहीत. आणि ती हे आजोबांच्या भाषेत बोलली, हेही मला महत्त्वाचं वाटतं. पेशंट दुखणं शब्दांत सांगतो. ‘ठणकतो’ म्हणाला तर एक रोग, ‘थंड लागलं की सळसळतं’ म्हणाला तर दुसरा, ‘रात्री आडवं पडलं की जास्त होतं’ म्हणाला तर दाताच्या नसेला सूज असण्याची शक्यता. निदान निम्मं तिथेच होतं. परमुलखात गेलेल्या मुलाचं पहिलं दीड वर्ष हे शब्द शिकण्यात जातं.

अर्थात खुर्चीशेजारचं एवढं पाहून कुणी निर्णय घेत नाही. घरात मतं होती. दुबईचा मामा म्हणाला, मोठ्या कॉलेजचं नाव बाहेर चालतं. मी त्याला फोनवर समजावलं की आखातात परवान्याची परीक्षा असते, इंटर्नशिपनंतरचा कामाचा अनुभव मागतात, पदवी खरी आहे ना ते तपासतात. ब्रिटन-अमेरिकेतही त्यांची परीक्षा द्यावीच लागते. एमडीएसचंही तसंच. 2017 पासून प्रवेश नीट-एमडीएसच्या गुणांवर होतात. त्या गुणांत बीडीएस कुठून केलं याला वजन नाही. एका काकांनी ‘एक वर्ष थांबून एमबीबीएस’चा विषय काढला. थोरलीने तो तिथल्या तिथे मोडून काढला, तिला दातच हवे होते. आणि आत्या म्हणाली, ‘उद्या स्थळं येतील तेव्हा सरकारी कॉलेज म्हणून सांगणार काय?’ यावर मी जरा जास्तच बोलले. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचं शिक्षण स्थळांसाठी तोलायचं, हे मला सहन होत नाही आणि ते सहन करावं असंही मला वाटत नाही.

वडील गप्प होते. त्यांच्या गप्प असण्याला कारण आहे.

आमच्या पट्ट्यात खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांनी कर्ज काढून खनिज वाहायला टिपर ट्रक घेतला होता. घराघरांतून लोक घेत होते, बँका दारात येऊन देत होत्या. 2012 च्या सप्टेंबरात खाणकाम थांबलं. त्यांचा टिपर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. फेरी बंद, हप्ता चालू. ताडपत्री घातलेला तो ट्रक अंगणाच्या कडेला कित्येक पावसाळे उभा होता, मी स्वतः पाहिला आहे. मध्ये थोडं सुरू झालं आणि 2018 च्या मार्चमध्ये परत थांबलं, तेव्हा त्यांनी तो येईल त्या किमतीला देऊन टाकला. त्या काळात हप्ते मैत्रिणीच्या पगारातून गेले. मिळकत येईल असं धरून काढलेलं कर्ज आणि न आलेली मिळकत, हे त्या माणसाने अंगावर काढलेलं आहे. तरीही मुलीला ‘नाही’ म्हणायची त्यांची तयारी नव्हती. बापाच्या एका चुकीची किंमत पोरीने का मोजावी, असं त्यांच्या मनात होतं. ती चूक नव्हती, असं मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे.

नरकासुराच्या रात्री आम्ही हिशेबाला बसलो. बाहेर वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवत होती, स्पीकर चालू होता. आत धाकट्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी आकडे मांडले.

त्या कॉलेजच्या पत्रात फी वर्षाला साडेसहा लाख होती. चार वर्षांचे 26 लाख. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, अवजारं, येणं-जाणं मिळून वर्षाला 2 लाख, तेही इंटर्नशिप धरून पाच वर्षं, म्हणजे 10 लाख. एकूण 36. घरची शिल्लक, मैत्रिणीच्या भविष्य निर्वाह निधीतून (जीपीएफ) निघेल ते धरून, 8 लाख. उरलेले 28 लाख कर्ज, चार वर्षं 7-7 लाखांनी उचलायचं. इथवर सगळ्यांनी आधीच केलं होतं, आणि सगळ्यांच्या डोक्यात 28 हा आकडा पक्का बसला होता.

पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पहिले 7 लाख इंटर्नशिप संपेपर्यंत पाच वर्षं उभे राहतात, दुसरे चार, तिसरे तीन, चौथे दोन. 10 टक्के सरळ व्याजाने ते होतात 9 लाख 80 हजार. म्हणजे मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडते त्या दिवशी डोक्यावर 28 नाही, पावणेअडतीस लाखांहून थोडं जास्तच. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता जवळजवळ 50 हजार. दहा वर्षांत फेडायची रक्कम साधारण 60 लाख.

मग मी दुसरा आकडा लिहिला. माझ्याकडे नवीन बीडीएस झालेली एक मुलगी कामाला होती, तिला मी महिना 22 हजार देत होते. याहून फार जास्त मला परवडत नव्हतं, आणि आसपास कुणी फार जास्त देतही नव्हतं. 50 आणि 22. वडिलांनी ते दोन आकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसला.

आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर सूट मिळते, ते मैत्रिणीने काढलं. खरं आहे, थोडा दिलासा आहे, पण 28 हजारांची फट त्याने बुजत नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजनाही पाहून झाली होती. चांगली योजना आहे, इथल्या कित्येक मुलांनी तिच्यावर शिक्षण केलं आहे. एवढी मोठी रक्कम मात्र तिच्यात बसणारी नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तेव्हा बँक सहसा तारण मागायची. तारण म्हणजे घर. घराच्या जागेच्या फॉर्म 1-14 वर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नावं तीन भावांची, आजोबा गेल्यापासून इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नाही. शिवाय आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे भावजयांच्या सह्याही हव्यात. सहा सह्या. एक भाऊ मुंबईला, एकाशी बोलणं जेमतेम. या सह्या मागायला जायचं म्हणजे थोरलीच्या प्रत्येक परीक्षेवर बाकीच्या चौघांचा डोळा. नापास होण्याची मुभाच नाही. बीडीएसला एखादा विषय राहणं ही मोठी गोष्ट नाही, पण या मुलीला ती झेपली नसती.

एवढं झाल्यावर निर्णय उघड दिसतो, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. मग मी मागच्या पडवीत गेले तर थोरली तिथे बसलेली. मी म्हटलं, ‘तुला ते कॉलेज फार आवडलंय ना?’ बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मावशी, कॉलेजचं एवढं नाही गं. मला इथून बाहेर पडायचंय. बांबोळी म्हणजे रोज दोन बस बदलून जा, दोन बस बदलून ये, आल्यावर धाकट्याचा अभ्यास घे, आणि आत्याने दर रविवारी विचारायचं किती वाजता आलीस. ती मुलं एकत्र जेवत होती, तसं मला पाहिजे.’

मला स्वतःची लाज वाटली. दोन महिने आम्ही खुर्च्या, कोटा, व्याज यांवर बोलत होतो, आणि मुलीला नक्की काय हवं आहे हे एकानेही विचारलं नव्हतं. तिला हवं ते 36 लाखांना मिळत होतं हे खरं. पण ते तेवढ्यालाच मिळतं असं कुठे होतं?

मी आत जाऊन मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. बांबोळी मिळाली तर तिला घरून ये-जा करायला लावू नका. बांबोळीजवळच्या सांताक्रुझला किंवा कॉलेजच्या जवळपास दोन मुलींबरोबर खोली करून द्या. शनिवार-रविवार ती ठरवेल, घरी यायचं की नाही. वाचणाऱ्या पैशांतला थोडा भाग यासाठी आनंदाने खर्च करा. वाचवायचं म्हणून तिला घरात डांबलंत, तर चौथ्या वर्षी ती तुमच्याशी बोलणार नाही आणि त्यात तिची चूक नसेल. मैत्रीण थोडी दुखावली. वडील मात्र लगेच म्हणाले, ‘डॉक्टर, खोलीचं भाडं मी टेम्पोतून काढतो. ते माझ्याकडे लागलं.’

उरला प्रश्न हातातली जागा सोडण्याचा. तिथे खरी धाकधूक होती. केंद्रीय प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर दंड नाही. दुसऱ्या फेरीत मिळून घेतली नाही तर अभिमत विद्यापीठांसाठी भरलेलं 2 लाखांचं डिपॉझिट जातं. म्हणजे सोडायची तर आत्ताच. वडिलांनी विचारलं, ‘आणि बांबोळीचं नाही झालं तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. आम्ही एवढंच ठरवलं की तसं झालं तर कमी फीची, तारणाशिवाय जमेल अशी तीन नावं तयार ठेवायची आणि पुढच्या फेऱ्यांत तीच भरायची. थोरलीने मुदतीच्या शेवटच्या दिवशी जागा सोडली. पुढचे काही आठवडे त्या घरात कुणी धड जेवलं नसेल. मीही पेशंटच्या तोंडात आरसा धरून पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यादीचाच विचार करत होते. यादी नसती सरकली तर आज मी हे लिहिलं नसतं, आणि मैत्रिणीला तोंड कसं दाखवलं असतं देव जाणे.

यादी सरकली. दुसऱ्या फेरीत तिचं नाव आलं.

हे सगळ्यांना लागू करू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या पुढच्याच वर्षी म्हापशाचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. दोघांचे पक्के पगार, एकुलता मुलगा, फ्लॅट स्वतःच्या नावावर, आणि मुलाला शिकवण्यात, संशोधनात रस. त्यांना मी बाहेरच्या मोठ्या कॉलेजला जरूर पाठवा म्हटलं. तिथली यंत्रं, तिथले प्राध्यापक, तिथल्या ओळखी हे सगळं खरं असतं, नुसता दिखावा नसतो. थोरलीलाही ते मिळालं असतं तर ती फुलली असती, आणि ते तिला मिळालं नाही याची खंत मला आहे. डिजिटल स्कॅनिंगचं काम तिला पुढे वेगळं शिकावं लागेल. पण शिकायला ती मोकळी असेल. इंटर्नशिपनंतर एमडीएसच्या तयारीला एक वर्ष घरी बसायचं म्हटलं तर ती बसू शकेल. माझी पुस्तकं कपाटात तशीच राहिली, तिची राहू नयेत, एवढी माझी इच्छा आहे.

पहिलं वर्ष तिला जड गेलं. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा असतो, तिची दाढ दर वेळी एका बाजूला कलायची. सांताक्रुझच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिघी मेण कोरत बसायच्या, मग एकत्र मॅगी करून खायच्या. तसले फोटो ती मला पाठवायची. दोन महिने घरी आली नाही तेव्हा मैत्रीण माझ्याकडे येऊन रडली. मी तिला चहा दिला आणि मुलीला फोन करू दिला नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या दवाखान्यात काढलेले दात मी पेशंटला विचारून तिच्यासाठी फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवते. रूट कॅनालचा सराव खऱ्या दातावर करायला मुलांना ते लागतात, आणि बाजारात कुठे मिळत नाहीत. गेल्या शनिवारी ती बाटली न्यायला आली. हातमोजे घालून चिमट्याने एकेक दात उचलून खिडकीच्या उजेडात धरत होती, मुळं मोजत होती. दोन बाजूला ठेवले, वाकडे होते. मग एक वरची दाढ सापडली, तिन्ही मुळं नीट सुटी.

‘मावशी, हा कुणाला देऊ नको हं, हा माझा.’